घाटाकडे पाठ

आमच्या शाळेत, अगदी लहान मुलांच्या वर्गात, भिंतीवर पुठ्ठ्याची एक तबकडी टांगलेली आहे. तिच्यावर चार चित्रं आहेत : सूर्य, ढग, छत्री आणि वाऱ्याने वाकलेलं झाड. मधोमध एक लाल बाण. रोज सकाळी प्रार्थना झाली की एक मूल पुढे येतं, खिडकीबाहेर बघतं, बाण फिरवतं आणि आज हवा कशी आहे ते इंग्रजीत सांगतं. शहापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाण छत्रीवर असतो आणि उरलेले महिने सूर्यावर. मुलांना त्याचा कंटाळा येतो. ढगाकडे बाण नेण्याची संधी क्वचितच मिळते, त्यामुळे ज्या दिवशी आभाळ भरतं त्या दिवशी वर्गात भांडणं होतात.

गेल्या शुक्रवारी एका मुलीने बाण सूर्यावर ठेवला. फाल्गुन अर्धा सरला होता, बाहेर लख्ख ऊन होतं. साडेअकराच्या सुमारास वर्गात एकाएकी कोंदल्यासारखं झालं. ऊन होतं, पण ते पिवळट, ताप आलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखं. ती मुलगी माझ्याजवळ आली.

"मिस, बाण बदलू?"

"थांब जरा," मी म्हणाले आणि मागच्या दाराने व्हरांड्यात जाऊन पूर्वेकडे पाहिलं. लांब, घाटाच्या कड्यावर, राखाडी ढग बसला होता. हलत नव्हता. वर आभाळ स्वच्छ, खाली रान स्वच्छ, मधे फक्त तो.

शेजारच्या वर्गातल्या बाई हसल्या. "तुम्हाला पाऊस बघायला नेहमी मागचं दार का लागतं हो?"

"सवय," मी म्हणाले.

ती सवय नाही. पण माझ्याकडून एवढंच बोललं जातं.

*

फाल्गुन हा आमच्याकडचा सगळ्यांत अविश्वासू महिना. पहाटे अंगावर चादर लागते, दहाला डोकं तापतं, चारनंतर पश्चिमेकडून दमट वारा येतो आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा सर्द होतात. कुठेतरी राब भाजत असतात, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण-पाचोळा पसरून जाळत असतात. त्याचा धूर जमिनीलगत सरपटत रस्त्यापर्यंत येतो. मोहाच्या फुलांचा गोड, थोडासा आंबूस वास त्यात मिसळतो. पळसाची पानं गळून नुसती फुलं उरतात. आणि या सगळ्यात परीक्षा असतात. त्यामुळे मोहाचा वास आला की मला आजही परीक्षा आठवते.

मी पाचवीत असताना आम्ही टोकावड्यात राहायचो, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळा गावामागच्या वाडीत होती, ओढा ओलांडून अर्ध्या तासाच्या चढावर. त्यांनी स्वतः आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं आणि मला मात्र मुरबाडच्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी साडेसहाच्या एसटीला मी टाय बांधून उभी असायची. गावातली मुलं मला टायवाली म्हणत. मी त्यांच्याशी बोलत नसे, म्हणून त्यांना वाटे मला गर्व आहे. खरं तर मला मराठीतही बोलायला जमत नव्हतं आणि इंग्रजीतही.

पप्पांनी यावर उपाय काढला. कल्याणहून येणाऱ्या गाडीने ते एक इंग्रजी वर्तमानपत्र मागवू लागले. कंडक्टर ते रस्त्यावरच्या हॉटेलात टाकून जाई. रोज संध्याकाळी ओटीवर उभं राहून त्यातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि मराठीत सांगायचा, असा नियम. कुठला ते मी ठरवायचं. मी पहिल्याच दिवशी शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, सर्वांत लहान चौकट शोधून काढली. तिच्यात जेमतेम दोन-तीन ओळी असत. हवामानाचा अंदाज.

पप्पांना माझी लबाडी कळली असावी, पण त्यांनी ती चालू दिली. निदान आवाज तरी निघतोय, असं त्यांना वाटलं असेल.

त्या चौकटीत आमचं गाव 'कोकण' या नावाखाली यायचं. भूगोलाच्या पुस्तकात आमची जागा किनारपट्टीत. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. वाडीतल्या बहुतेकांनी तर तो कधीच पाहिला नव्हता. तरी रोज संध्याकाळी मी वाचायची, कोकणात असं होईल, कोकणात तसं होईल, आणि ओटीवरची माणसं स्वतःला त्या नावात मोजून घ्यायची. आमची ओटी पश्चिमेला, रस्त्याकडे तोंड करून होती. सगळे रस्त्याकडे बघत बसत. गाड्या तिथून जात, वर्तमानपत्र तिथून येई. घाट पाठीमागे.

*

ऐकणाऱ्यांत हिरूमावशी असायच्या. वाडीतून लाकडाची मोळी घेऊन त्या हॉटेलात येत. मोळी दिली की आमच्या पायरीवर टेकत, आईकडून पाणी मागून घेत आणि मुलीची वाट बघत. त्यांची मुलगी शेवंती पप्पांच्या शाळेत चौथीत होती. शाळेत उशिरा घातल्यामुळे वयाने माझ्याएवढीच. पप्पा तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवणार होते. वाडीतून त्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच मुलगी. रोज दुपारनंतर ती आणि आणखी दोन मुलगे आमच्या ओटीवर गणितं सोडवायला येत.

मुलगे निमूटपणे येत आणि निमूटपणे जात. शेवंती तशी नव्हती.

"ए टायवाली, तुझी पेटी दाव ना. ह्यो काय गो?"

"कंपास."

"कशाला?"

"वर्तुळ काढायला."

"वर्तुळ मी बांगडीनं काढतं," ती म्हणाली आणि हातातली बांगडी उतरवून खरोखर काढून दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं.

पप्पा मोठ्याने हसले. घरात ते फारसे हसत नसत. शेवंतीने एखादं अवघड गणित तोंडी सोडवलं की मात्र मांडीवर थाप मारून हसत आणि आत बघून आईला सांगत, "ऐकलंस का? मनातल्या मनात केलं हिनं!" मी आत पाटावर बसून इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं पाठ करत असे. माझं प्रगतिपुस्तक पप्पा सही करून परत देत. त्यातलं त्यांना नेमकं किती कळे हे मला ठाऊक नाही.

हिरूमावशींनी एकदा विचारलं, "बाय, तू रोज काय वाचतंस गो?" पप्पा म्हणाले, "सांग त्यांना मराठीत." मी सांगितलं, पाऊस येणार की नाही ते लिहितात. मावशी पदर सावरून सरळ बसल्या. "म्हंजे कलतं तेंना? आधीच?" त्या दिवसापासून त्या रोज विचारू लागल्या आणि माझ्या दोन ओळींना ऐकणारं एक माणूस मिळालं. मला ते आवडत होतं की नव्हतं, सांगता येत नाही. पाठ करून ठेवल्यासारखी मी भराभर बोलून टाकायची.

मावशींचे सासरे बारकूबाबा एकदा वाडीवरून खाली आले होते. त्यांनी माझं वाचन शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पप्पांना विचारलं, "गुरुजी, ह्यो कुटं बसून लिवतात?"

"मुंबईला, पुण्याला. मोठी यंत्रं असतात."

"मुंबैत बसल्यावं दर्या दिसतो. घाट कुटं दिसतो?" म्हातारा माझ्याकडे वळला. चेष्टेने, पण प्रेमाने. "बाय, आखाडातला पाऊस दर्याचा. त्यो समोरनं येतो, वाजत-गाजत. शिमग्यातला पाऊस घाटावरचा. त्यो पाठीमागनं येतो, चोरावानी. घाटानं टोपरा घातला का दोन दिसांत येल. ह्यां पेपरात नाय यायचा."

टोपरं म्हणजे लहान मुलाची टोपी. कड्यावर बसलेल्या ढगाला ते तसं म्हणत. पप्पा हसले, मीही हसले. घाटाकडे वळून बघावं असं दोघांनाही वाटलं नाही.

*

त्या वर्षी शेवंतीचे वडील एकटेच वीटभट्टीवर गेले होते. एरवी दिवाळीनंतर सगळं कुटुंब जाई, भट्टीशेजारी गवताच्या खोपीत राही आणि पावसाच्या तोंडावर परते. शेवंतीची शाळा दर वर्षी अशीच अर्धी. या वेळी पप्पांनी वाडीवर चार खेपा घालून मावशींना थांबवलं होतं. थांबायचं तर खायचं काय, याचं उत्तर होतं वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मावशींनी आणि बारकूबाबांनी वाल लावला होता. तो आता उपटून खळ्यावर वाळत पडला होता. झोडून झाला की पावसाळ्याच्या चार महिन्यांची कालवणाची सोय होणार होती, पुढच्या वर्षीचं बियाणंही होणार होतं. मावशी म्हणायच्या, "वाल घरात आला का शेवंती परीक्षेला बसली समज."

परीक्षेला अकरा दिवस होते. त्या बुधवारची संध्याकाळ मला इतकी स्पष्ट आठवते की कधीकधी शंका येते, आपण ती नंतर रचली तर नाही?

पप्पा म्हणाले, "हिराबाई, उद्या शेवंतीला मुरबाडला नेऊन फोटो काढून आणा. ओळखपत्राला लागतो. मुलग्यांचे झालेत."

"उंद्या?" मावशी पायरीवरच उभ्या राहिल्या. "गुरुजी, वाल खळ्यावर हाय. म्हातारा सकालपासून वरडतोय, घाटानं टोपरा घातला, वाल उचला म्हून. उचलायचा तर मला नि शेवंतीला आख्खा दिस जायल."

"परवा गेलात तर फोटो वेळेत हातात यायचे नाहीत."

"मग काय करू?"

पप्पांनी ओटीवरचं वर्तमानपत्र उचललं. मग आत माझ्याकडे बघून म्हणाले, "ये गं. वाच, काय म्हणतोय."

मी बाहेर आले. त्याआधी नुकतंच शेवंतीने नळ आणि टाकीचं गणित तोंडी सोडवलं होतं, आणि पप्पांच्या हसण्याचा आवाज अजून ओटीवर असल्यासारखा मला वाटत होता. मी पान उलगडलं. शेवंती माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण छापलेलं काहीही बघायला तिला आवडे. चौकटीत दोन ओळी होत्या. पहिली कोकणाची : हवा कोरडी राहील. दुसरी मध्य महाराष्ट्राची, म्हणजे घाटावरची : तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस, गारांची शक्यता.

पहिली ओळ मी वाचली. दुसरीखाली बोट नेलं आणि उचललं. ती ओळ आमची नव्हती. पुस्तकाप्रमाणे, नकाशाप्रमाणे, ती आमची नव्हतीच. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला आत जायचं होतं.

"कोकणात हवा कोरडी राहील," मी मराठीत म्हणाले.

"म्हंजे नाय ना येनार?" मावशींनी विचारलं.

"नाही."

हा 'नाही' वर्तमानपत्रात नव्हता. तो माझा.

मावशींचा चेहरा मोकळा झाला. "बग गो शेवंते, तुजा आजा उगा भेव दावतो!" पप्पा म्हणाले, "छान. आणि हो, फोटोसाठी हिला तुझा पांढरा शर्ट दे उद्यापुरता." मी आतून शर्ट आणला. धुतलेले दोन होते. त्यातला वरचं बटण तुटलेला निवडून दिला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी मुरबाडहून परतीच्या एसटीत चढले, तर पुढच्या बाकावर मावशी आणि शेवंती बसलेल्या. शेवंतीने शर्टाची कॉलर एका हाताने गळ्याशी मिटून धरली होती. केसांना पाणी लावून चापूनचोपून भांग काढलेला. तिने मला हाक मारली.

"ए टायवाली! त्यानं मला बोल्ला, हसू नको. मी हसलंच नाय. श्वास पन नाय घेतला."

गाडी गावाबाहेर पडली आणि वळून पूर्वेला लागली. समोरच्या काचेत घाट आला. ओटीवर पाठीमागे असणारा घाट इथे पूर्ण काचभर होता, आणि काळा होता. कड्याचा आकारच दिसत नव्हता. ड्रायव्हरने दुपारी अडीच वाजता दिवे लावले.

मावशी उठून उभ्या राहिल्या. बाकाची दांडी धरून पुढे गेल्या. "डायवर, जरा बेगीन हाक ना रे."

कंडक्टर हसला. "मावशे, गाडी हाय ही, इमान नाय. बस खाली."

"माजा वाल हाय रे खळ्यावं."

गाडीतलं बोलणं हळूहळू थांबलं, कारण गाडीत बसलेल्या बऱ्याच जणांचं काही ना काही खळ्यावर होतं. मग टपावर पहिली गार वाजली. नंतरचा आवाज मला सांगता येणार नाही. खिडक्यांचे पत्रे खाली ओढले गेले, अंधार झाला. त्या अंधारात मावशी तशाच उभ्या, दोन्ही हातांनी दांडी धरलेली. बसल्या नाहीत. जणू आपण उभं राहिलो तर गाडी लवकर पोचेल. शेवंती माझ्याकडे बघत होती. मी दप्तराच्या बक्कलाकडे बघत होते.

टोकावड्याला उतरून मायलेकी भर पावसात ओढ्याच्या दिशेने पळाल्या. पांढरा शर्ट बराच वेळ दिसत होता.

पाऊस थांबून थांबून दोन दिवस पडला. रविवारी मी पप्पांबरोबर वाडीवर गेले. खळ्यावरचा वाल काळा पडून चिकटला होता. शेंगा फुटून कोंब बाहेर आले होते आणि शिळ्या अन्नासारखा आंबट वास येत होता. बारकूबाबा उकिडवे बसून एकेक शेंग उचलून बघत होते. बरी वाटली तर टोपलीत, नाहीतर मागे. टोपलीचा तळही झाकला नव्हता. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मी सांगितलं होतं. पण ते मला बघून म्हणाले, "बाय, चिखलात पाय नको घालू. चपला जातील."

पप्पांनी मावशींना सांगितलं, परीक्षेपर्यंत शेवंतीला आमच्या घरी ठेवा.

"नि भट्टीवर चिखल कोन देल, गुरुजी?" मावशी म्हणाल्या. "तिच्या बाला एकट्याला काम पुरत नाय. हितं ऱ्हाऊन आता खानार काय?"

पप्पांनी शेवंतीला घरी ठेवण्याची गोष्ट काढली तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

दोन दिवसांनी भट्टीचा ट्रॅक्टर आला आणि मायलेकी गेल्या. म्हातारा एकटा मागे राहिला. परीक्षेच्या दिवशी पप्पा दोन मुलग्यांना घेऊन मुरबाडला जाऊन आले. फोटोवाल्याने पाकीट कंडक्टरबरोबर पाठवलं होतं, तेही आलं. पप्पांनी ते उघडून पाहिलं आणि खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवून दिलं. माझा शर्ट धुऊन, घडी घालून, कोणीतरी आमच्या दारात ठेवून गेलं होतं. कोण, ते कळलं नाही. वरचं बटण नवं शिवलेलं होतं.

मी ती चौकट वाचणं सोडून दिलं. पप्पांनी कारण विचारलं नाही. मी क्रिकेटची बातमी वाचू लागले. ती लांब असे.

*

पुढच्या वर्षांत मी ही गोष्ट बऱ्याच बाजूंनी तपासली आहे. दुसरी ओळ मी लाजेने गाळली की नियमाने, की पप्पांच्या त्या हसण्यामुळे? अंदाज चुकला नव्हता, दोन्ही ओळी खऱ्या ठरल्या. आमच्यासारख्या पायथ्याच्या गावांची गोची हीच की कागदावर आम्ही समुद्राचे आणि फाल्गुनात मात्र घाटाचे. हे मोठ्या माणसांना माहीत होतं, बारकूबाबांना तर फारच. पण ओटीवर वर्तमानपत्र होतं आणि वर्तमानपत्र वाचणारी मुलगी इंग्रजी शाळेतली होती.

पप्पा आता निवृत्त आहेत. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना खडूचं खोकं सापडलं. चार फोटो, एकमेकांना चिकटलेले. पप्पांनी चष्मा पुसून पाहिले. "हुशार होती," एवढंच म्हणाले. मी खोकं त्यांच्या हातातून घेतलं आणि शहापूरला येताना एक फोटो माझ्या पिशवीत होता. तो चार महिने तिथेच राहिला. जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत वाडीतल्या एका बाईकडून कळलं की शेवंती सासरहून मुलीला घेऊन आईकडे राहायला आली आहे. नवरा भट्टीवर आहे, ही गेली नाही. बारकूबाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हणाले, येते एकदा. गेले नाही.

शुक्रवारी त्या मुलीने विचारलं, बाण बदलू? रविवारी सकाळी मी मुरबाडची गाडी पकडली.

ओढ्यावर आता पूल आहे. वाडीत विजेचे खांब आहेत. चढ तेवढाच. घाटावर ढग तसाच बसलेला, शुक्रवारपेक्षा खाली उतरलेला. मावशींचं खळं त्याच जागी होतं आणि खळ्यावर वाल होता. एक बाई आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी तो उचलून ढिगाला लावत होत्या. दारात हिरूमावशी बसल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन गो?"

"गुरुजींची मुलगी."

"पेपरवाली!" मावशी हसल्या. मला ते हसणं सोसवलं नाही.

शेवंती हातातला भारा घेऊनच वळली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टाय कुटं ठेवलास?" मग भारा टाकून म्हणाली, "बस. च्या करते. पन आधी ह्यो झाकू दे. आज येल तो."

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा बोलले नसते. उभ्यानेच सगळं सांगितलं. भराभर, पाठ करून ठेवल्यासारखं. दोन ओळी होत्या. मी एकच वाचली. दुसरीत घाटावर पाऊस आणि गारा लिहिल्या होत्या. मावशींनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणाले.

मावशींना नीट ऐकू आलं की नाही कळलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली. शेवंती निळं प्लास्टिक उलगडत होती. ती थांबली नाही.

"म्हायती हाय," ती म्हणाली.

"काय?"

"दोन वळी व्हत्या ते. मी तुझ्या बोटाकडं बघत व्हते. इंग्लिश नाय येत, पन वळी मोजता येतात ना. एकीखाली बोट फिरला. दुसरीवरना उचललास." तिने प्लास्टिकची घडी झटकली. "मला तवाच वाटला, ही कायतरी ठेवते."

"मग बोलली का नाहीस?"

शेवंतीने प्लास्टिकच्या एका कोपऱ्यावर दगड ठेवला. तिची मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"मला फोटू काढायचा व्हता," ती म्हणाली. "तोपरत माजा फोटू कोनीच काढला नव्हता. मी बोल्ली असती तर आय उंद्या गेली नसती. आजा वरडत व्हता, घाट मला बी दिसत व्हता. मी गप ऱ्हायले." मग आईकडे न बघता, खालच्या आवाजात, "आयला ह्यो नाय सांगितला. आजाला बी नाय."

इतकी वर्षं जे मी एकटीचं समजून जपून ठेवलं होतं, त्याला दुसरं टोक होतं आणि ते हिच्या हातात होतं. त्याने माझं काही कमी झालं नाही. तिचंही झालं नसावं. मी पिशवीतून फोटो काढून तिच्यापुढे धरला.

तिने हात पदराला पुसले आणि फोटो घेतला. पांढऱ्या शर्टातली, चापून भांग काढलेली, श्वास रोखून धरलेली एक मुलगी. एका हाताने कॉलर गळ्याशी मिटलेली.

"आये, ही कोन गो?" मुलीने वाकून विचारलं.

"मी."

"तू? शाळेत जाताना?"

"परीक्षेला जाताना," शेवंती म्हणाली.

तिने फोटो परत दिला नाही. घरात जाऊन बियाण्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ते बंद केल्याचा. बाहेर आली तेव्हा वारा फिरला होता. मोहाचा वास पुसला जाऊन मातीचा, गार वास आला. मी वळले. घाट दिसत नव्हता. त्याच्या जागी सरकत येणारी एक करडी भिंत होती. या वेळी मी ती पाठीवर न घेता समोरून बघत होते.

"बघत काय ऱ्हायलीस?" शेवंती ओरडली. प्लास्टिकचं एक टोक तिने माझ्याकडे फेकलं. "धर. नि तुझ्या बाजूनं ओढ, घट."

मी धरलं.